फादर, पायऱ्या तेवढ्या द्या!

"काऊन भाऊ, गोव्यात कोनाशी ओळख आहे का?"

सकाळी सात वाजता कुणी असं विचारलं की पोटात गोळाच येतो. वाटलं, पोरानं सहलीत काहीतरी करून ठेवलं. तसं नव्हतं. शेजाऱ्यांच्या पोराचं लग्न ठरलं होतं. ओळख हवी होती ती फादरशी.

पोरगा पुण्यात आयटीत. पोरगी मेहकरकडची, तीही आयटीत. दोन्ही घरांत गजानन महाराजांचा फोटो, दोन्ही घरांत गुरुवारी उपास, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळलेले. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. दोघांना लग्न करायचं होतं टेकडीवरच्या एखाद्या जुन्या, पांढऱ्याशुभ्र कॅथलिक चर्चमध्ये.

"लागन तेवढं भाडं देऊ," शेजारी म्हणाले.

भाडं!

चारशे वर्षांची वास्तू पाहून कुणाला इतिहास आठवतो, कुणाला देव. आमच्याकडे आधी पावतीपुस्तक आठवतं.

बरं, टेकडीच हवी तर बुलढाणा काय खड्ड्यात आहे? (खड्डा आहे, पण तो लोणारला.) अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं हे आमचं गाव. खाली मलकापूर-नांदुरा तापून लाल होतात तेव्हा राजूर घाट चढून आलेला माणूस इथं पहिला श्वास घेतो. टेकडी इतकी पक्की की रेल्वेसुद्धा अजून वर आलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभरेक वर्षं चालू आहे. ती आमच्या वरातीसारखी आहे. वाजते, नाचते, पुढं सरकत नाही.

आणि चर्च? ख्रिस्ती माणसं या भागाला नवी नाहीत. मिशनऱ्यांनी वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकातच पाय रोवले. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५पासूनचा, आपला जिल्हा त्यातच येतो. मी हे सगळं शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ते नको. ते साधं आहे."

म्हणजे तिथं देव आहे, पण समुद्र नाही.

हे खूळ आलं कुठून, हे सांगायला संशोधन नको. डिसेंबर २०१७मध्ये विराट आणि अनुष्का यांनी इटलीत, टस्कनीतल्या एका जुन्या खेड्यात लग्न केलं. पुढच्या नोव्हेंबरात दीपिका आणि रणवीर कोमो सरोवराकाठी गेले. त्यांनी निवडलेल्या व्हिला देल बाल्बियानेल्लोचे फोटो काढून बघा. मागं दोन मनोरे दिसतात. ते मनोरे चर्चच्या घंटांचे. तिथं फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ होता. अठराव्या शतकाच्या अखेरीला एका कार्डिनलनं त्या जागी आपला बंगला उठवला. मठ गेला, संन्यासी गेले, मनोरे तेवढे राहिले.

अंगावरच्या झग्याखेरीज काही बाळगायचं नाही, असं व्रत घेतलेली ती माणसं. त्यांच्या मनोऱ्यांखाली कोणत्या डिझायनरचा शेला होता, हे मात्र अख्ख्या महाराष्ट्राला पाठ!

मग नोव्हेंबर २०२३मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये परदेशी लग्नांवर नाराजी व्यक्त केली. पाठोपाठ 'वेड इन इंडिया'ची हाक आली. आमच्या लोकांनी ती शिरसावंद्य मानली. इटली रद्द, गोवा पक्का. देशभक्तीही झाली आणि बीचही झाला.

तर मी गोव्याला फोन लावला. ओळखीतून ओळख काढत एका चर्चच्या ऑफिसपर्यंत पोचलो. फादर फार गोड बोलले.

"मुलगा कॅथलिक की मुलगी?"

"कोणीच नाही."

थोडी शांतता.

"मग लग्न चर्चमध्ये कशासाठी?"

यावर खरं उत्तर एकच होतं, आणि ते मी दिलं. "फोटोसाठी, फादर."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी नियम सांगितले. लग्न हा त्यांच्याकडे सात संस्कारांपैकी एक. वधू-वरांपैकी एकाचं तरी त्या धर्मग्रामात वास्तव्य हवं, निदान महिनाभराचं. दुसरीकडे लग्न लावायचं तर परवानगी हवी. (आमचा नवरदेव गोव्यात सलग तीन दिवस राहिलेला आहे. त्यातले दोन त्याला आठवत नाहीत.) आधी विवाहपूर्व शिबिर. मग रविवारी मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, वेळी नावं वाचून दाखवतात, लागोपाठ तीन रविवार. कुणाची हरकत असेल तर तेव्हाच सांगायची.

ही पद्धत मला मनापासून आवडली. आमच्याकडे हरकत घेणारा आत्याचा नवरा थेट मांडवात उठतो, आणि तोही फेट्यावरून.

कायद्याचंही तेच. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२चा. त्यातलं चौथं कलम सांगतं की दोघांपैकी एक तरी ख्रिस्ती पाहिजे. दहावं कलम त्याहून मजेदार: लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानच लागलं पाहिजे. कॅथलिक बिशपच्या परवान्यानं सूट मिळते, ते वेगळं. हा कायदा उद्या आपल्याकडे लावला तर? सातला आमचा नवरदेव अजून पारावर असतो, आणि त्याचे मित्र अजून पहिल्याच गाण्यावर असतात.

गोव्यात तर हा कायदाही नाही. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं, तिथला कागद घेऊन मग चर्चमध्ये. म्हणजे देवाच्या दारात उभं राहायलाही सरकारी शिक्का. याबाबतीत मात्र आपण सगळे एकाच धर्माचे.

शेजाऱ्यांना वाटलं, आपल्या धर्मात असली कटकट नाही. त्यांना मी एप्रिल २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, विधी झाले नाहीत तर नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही.

शेजारी गंभीर झाले. "म्हणजे डीजे बंद?"

पण थांबा. हे पावतीपुस्तक फक्त बुलढाण्याच्याच खिशात असतं असं समजू नका. चर्चही काही धुतल्या तांदळासारखं नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी एका प्रवचनात चर्चच्या दारावर लागणाऱ्या दरपत्रकांवर कोरडे ओढले होते. बाप्तिस्म्याचे इतके, लग्नाचे इतके. त्यांनी एक जुना किस्साही सांगितला. एका जोडप्याला लग्नात पूर्ण मिस्सा हवी होती. त्यांना सांगण्यात आलं की वीस मिनिटांच्या वर जायचं असेल तर दोन पाळ्यांचे पैसे भरा.

वाचताना मला आमच्या मंगल कार्यालयाचा मॅनेजर दिसला. "हॉल चारला रिकामा करा, संध्याकाळची पार्टी येऊन राह्यली."

आता त्या टेकडीबद्दल. जुन्या गोव्यात टेकडीवर एक चॅपेल आहे, अवर लेडी ऑफ द माउंट. लोक नुसतं 'मोंटे' म्हणतात. वरून मांडवी दिसते, झाडांतून डोकावणारे चर्चचे माथे दिसतात. कॅथलिक जोडप्यांची लग्नं तिथं लागतात, आणि संध्याकाळच्या उन्हात ती सुंदर दिसतात हे मान्यच करावं लागेल. १५१०मध्ये अल्बुकर्क शहर घ्यायला आला तेव्हा याच टेकडीवर आदिलशाही तोफा होत्या. आता तिथं ड्रोन असतात. तोफांना निदान नेम होता.

त्या चर्चांभोवती एके काळी भरलेलं शहर होतं. साथींनी ते पोखरलं, राजधानी १८४३मध्ये पणजीला गेली, घरं गेली, बाजार गेला. चर्चं राहिली. शेजारच्याच 'मोंटे सांतो' टेकडीवर ऑगस्टिनियनांचं भलंथोरलं चर्च होतं. त्याचं छत १८४२मध्ये कोसळलं. मनोऱ्याचा मोठा भाग १९३१मध्ये खाली आला. घंटा त्याआधीच हलवलेली. ती १८७१पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर आहे. होय, तेच ते चर्च, नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं. ज्याच्या पायी आमच्या शेजाऱ्यांची झोप उडाली ते.

त्या पायऱ्यांवर वर्षभर पोझ देणाऱ्यांपैकी किती जण वर जाऊन दार ढकलतात? सोडा. शेजारच्या फोंटेन्हासमधल्या रहिवाशांना विचारा. आपल्याच घरासमोर रोज नवी नवरी भिंतीला टेकून उभी असते, म्हणून ते कधीचे कावलेले आहेत. भिंत त्यांची, रंग त्यांचा, लाइक आपले.

पण सगळ्यात झकास गोष्ट बॉम जीझसची आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव जिथं आहे ती बासिलिका. तिचा लालसर उघडा दगड आपण पाहतो आणि म्हणतो, वा, काय जुनं आहे! तर ऐका. ही वास्तू मुळात उघडी नव्हतीच. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता, गोव्यातल्या इतर चर्चांसारखा. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुरचनाकारानं तो खरवडून काढला. कारण?

जुनी दिसावी म्हणून!

साडेतीनशे वर्षांची बाई खरोखर म्हातारी होती. पण म्हातारी दिसत नव्हती, म्हणून तिला सोलली. आता जांभा उघडा पडलाय, पाऊस त्यात मुरतोय, दगड झिजतोय, आणि गिलावा पुन्हा द्या म्हणून चर्चचेच लोक पुरातत्त्व खात्याच्या मागं लागलेत. प्री-वेडिंगवाले कालपरवा आले. जुनेपणाचा मेकअप त्यांच्या आधीच सुरू झाला होता.

ही बासिलिका अर्पण झाली १६०५च्या मे महिन्यात. आता हे साल लक्षात ठेवा आणि परत आपल्या जिल्ह्यात या.

सिंदखेडराजा. लखुजी जाधवरावांचा वाडा. रंगपंचमीच्या दिवशी भरल्या बैठकीत लहानगी जिजाऊ आणि लहानगा शहाजी एकमेकांवर रंग उडवायला लागले, आणि तिथून सोयरिकीचा विषय निघाला, असं परंपरा सांगते. लग्नाचं साल? परंपरेनं सांगितलं जातं ते १६०५.

म्हणजे गोव्यातल्या ज्या वर्षाच्या दगडासमोर उभं राहायला आमचा नवरदेव विमानाचं तिकीट काढतोय, त्याच वर्षातलं महाराष्ट्राचं सगळ्यात मोठं लग्न त्याच्या गावापासून दोन-अडीच तासांवर ठरलं होतं.

हे मी उत्साहानं शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हाव, पण तिथं पार्किंग नाही."

१२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. १३ तारखेला पाय ठेवणारा नसतो. लोणारच्या दैत्यसूदनाचंही तसंच. त्या मंदिराच्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहून परदेशी माणूस तोंडात बोट घालतो. आपला माणूस विचारतो, "नेटवर्क येते का इथं?"

पण वाडे आणि किल्ले भाड्यानं द्या, असंही मी म्हणत नाही. सप्टेंबर २०१९ विसरलात? राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी द्यायचं धोरण आहे, अशी बातमी आली आणि महाराष्ट्र पेटला. दोन दिवसांत खुलासा झाला की छत्रपतींच्या इतिहासाशी जोडलेल्या, संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही. दुसऱ्या वर्गातल्या किल्ल्यांचा विचार आहे. संतापलेल्यांत मीही होतो. शेजारीही होते. त्यांनी त्या दिवशी डीपीला भगवा झेंडा लावला होता.

आपल्या किल्ल्यावर दुसऱ्याचं लग्न म्हणजे विटंबना. दुसऱ्याच्या चर्चमध्ये आपलं लग्न म्हणजे डेस्टिनेशन.

केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५९चे नियम आहेत. लेखी परवानगीशिवाय तिथं सभा, मेजवानी, स्वागतसमारंभ काहीही करता येत नाही. सूट फक्त रूढ धार्मिक वहिवाटीला. म्हणून बॉम जीझसमध्ये मिस्सा चालते आणि बुफे चालत नाही. एवढी साधी रेघ सरकारी नियमाला कळते. आपल्याला ती दिसायला चष्मा लागतो.

वसईला जा, तिथं तर चित्र आणखी स्पष्ट. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या कमानींत शनिवार-रविवारी नवरीच्या गाऊनचा घोळ धरायला तीन-तीन माणसं पळत असतात. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा देशावर आल्या. मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर आजही मेरी आणि बाळ येशू दिसतात. त्या काळच्या माणसांनी निदान ओझं उचलून आणलं. आपण नुसतं बॅकग्राउंड आणतो.

आणि त्याच वसईत, पडक्या नव्हे तर चालत्या चर्चमध्ये, मराठी बोलणारी कॅथलिक पोरं-पोरी लग्न करतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा हा मुलूख. २०२०च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. किनाऱ्यावरच्या या कॅथलिक घरांतली लग्नं कधी नीट बघा. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, हळद लावतात, म्हाताऱ्या बायका लुगडी नेसून गाणी म्हणतात. चर्चमध्ये जाऊनही त्यांनी मांडव सोडला नाही.

आम्ही मांडवात राहून तो सोडला.

शेजाऱ्यांना मी हेही सांगून पाहिलं. ते म्हणाले, "उंबराचं पाणी? थीम चांगली आहे."

त्यांना चर्च विकत घेण्याचा सल्लाही कुणीतरी दिला होता. युरोपात चर्चं ओस पडतात, त्यांची हॉटेलं होतात, हे खोटं नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिश्टला तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये २००६पासून पुस्तकांचं दुकान आहे. कमानींखाली मजल्यावर मजले, आणि त्यांवर पुस्तकं. बुलढाण्यात असं होणार नाही. आपल्याकडे जुन्या वास्तूवर असा प्रयोग करायची कुणाची छाती नाही. म्हणजे पुस्तकांचं दुकान काढायची.

शेवटी मी फादरना पुन्हा फोन केला. खरं सांगायचं तर शेजाऱ्यांनी करायला लावला. फादर म्हणाले, "प्रार्थनेला या. दोघंही या, आईवडिलांना आणा. दार उघडं असतं. त्याचे पैसे नाहीत."

फुकट म्हटल्यावर शेजाऱ्यांचा विश्वासच उडाला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "फादर, आत येत नाही आम्ही. तुम्हाले तरास नको. पायऱ्या तेवढ्या द्या, सकाळी सहा ते नऊ."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. शेजारी मात्र बराच वेळ "हाव जी, हाव जी" करत होते.

गोवा रद्द झाला. लग्न इथंच, चिखली रोडवरच्या एका लॉनवर. मुहूर्त दुपारी बारा पस्तीस. पोरगी दोन दिवस रुसली, मग तोडगा निघाला. परवा संध्याकाळी डेकोरेटर आला, अंगणात खुर्ची टाकून बसला. मोबाइलमध्ये बॉम जीझसचा फोटो. तीस फूट उंच, प्लायवूड आणि थर्माकोलचं करू म्हणाला. पायऱ्या पणजीच्या लावू, वर एक फायबरची घंटा टांगू.

"रंग पांढरा देऊ?"

"नाही," शेजारी म्हणाले. "प्लास्टर केल्यासारखं नको. दगड दिसला पायजे. जुनं वाटलं पायजे."

मी बाल्ताझार कास्त्रोला मनातल्या मनात नमस्कार केला.

डेकोरेटरनं वहीत लिहून घेतलं. मग पेन कानामागं खोचत विचारलं, "आन् आतून काय करू, काकाजी?"

"आतून कायले?" शेजारी म्हणाले. "मांगं आचारी बसतीन."